बावीस मिनिटं, एकही शब्द नाही

एका फेब्रुवारीतल्या रविवारी दुपारी सव्वातीन वाजता पुण्यातल्या एका संगीतसंस्थेच्या सभागृहात मी तीन परीक्षकांसमोर बावीस मिनिटं गायलो. त्या बावीस मिनिटांत माझ्या तोंडून अर्थ असलेला एकही शब्द निघाला नाही. मी तेवीस वर्षांचा होतो. शिष्यवृत्ती दोन वर्षांची होती: राहणं, जेवण आणि एका नामांकित गायकाकडे रोजची तालीम. ती मिळाली तर मी गायक होणार होतो. नाही मिळाली तर नांदुऱ्याला एका वर्तमानपत्राच्या कार्यालयात बातम्या नीट करून देण्याचं काम होतं. तिसरी सोय नव्हती.

मी गायलो ते तराणे होते. तराणा हा शास्त्रीय गाण्यातला एक प्रकार. त्यात कविता नसते. दिर दिर, तानुम्, तदरे, दानि अशी अक्षरं लयीत बांधलेली असतात. ख्याल गाऊन झाला की गायक शेवटी पाच-सात मिनिटं तराणा गातात आणि टाळ्या घेतात. आधी ख्याल नाही, नंतर ठुमरी नाही, नुसते तीन रागांतले तीन तराणे असं कोणी गात नाही. जेवायला बोलावून तिन्ही वेळा फक्त लोणचं वाढावं, तसा तो प्रकार होता.

पहिले परीक्षक वयोवृद्ध होते. त्यांचे डोळे मिटलेले होते आणि मान हलत होती. ते दाद देत होते की डुलकी घेत होते, याची खात्री शेवटपर्यंत झाली नाही. दुसऱ्या परीक्षक गायिका होत्या. त्यांनी विचारलं, "तयारी छान आहे. पण बंदिश?"

"तराणाच तयार केलाय."

"तिन्ही?"

"हो."

त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं. मग समजुतीच्या स्वरात मला सांगितलं की तराण्यातली अक्षरं निरर्थक आहेत असं समजू नये. ते मुळात फारसीतले ईश्वराला आळवणारे शब्द आहेत, असं काही जाणकार मानतात. मी मान डोलावली. ही माहिती मी घरी कधीच दिली नाही.

तिसरे परीक्षक संस्थेचेच पदाधिकारी होते. हातमागाचा सदरा, गळ्यात चष्म्याची दोरी. मी गात असताना ते माझा अर्ज वाचत होते.

"वडनेर भोलजी." त्यांनी नाव तोंडात घोळवून पाहिलं. "विदर्भात का हे?"

"हो. बुलढाणा जिल्हा."

"अच्छा, लोणार!"

लोणारचं सरोवर आमच्या गावापासून शंभराहून जास्त किलोमीटरवर आहे. मी ते तोवर पाहिलेलं नव्हतं. "हो," मी म्हणालो.

अर्जात एक रकाना होता, 'घरातील सांगीतिक परंपरा'. इतरांनी तिथे घराणी लिहिली असावीत. मी लिहिलं होतं, 'वडिलांची गायन पार्टी आहे.'

"पार्टी म्हणजे?"

"जयंतीची गाणी, लग्नाची गाणी. नामकरण, मयताच्या मागचं पुण्यानुमोदन."

"जयंती कुठली?"

"चौदा एप्रिल."

ते खुर्चीत सरळ बसले. बावीस मिनिटांच्या गाण्यानं जे झालं नव्हतं ते या दोन शब्दांनी झालं. "अहो, मग हे आधी नाही का सांगायचं?" ते म्हणाले. शेजारच्या परीक्षकांचे डोळेही उघडले.

वडील गावच्या नळयोजनेवर ऑपरेटर होते. सकाळी वॉल्व्ह फिरवायचे, दिवसभर लोकांच्या तक्रारी ऐकायच्या आणि संध्याकाळी विहाराच्या ओट्यावर पेटी उघडायची. पार्टीत पेटी आणि गाणं त्यांचं, ढोलक त्यांच्या चुलतभावाचं, म्हणजे माझ्या काकांचं. शिवाय एक बेंजोवाला आणि कोरसला चौघं. मोताळा, मलकापूर, नांदुरा या तीन तालुक्यांत पार्टीला मागणी होती. धामणगाव बढ्याला तर एका लग्नात वडिलांचं गाणं ऐकायला वरपक्षानं मुहूर्त नव्हे, जेवण थांबवलं होतं, असं काका सांगत. आमच्यात मुहूर्त नसतोच, हे ते पुढे आवर्जून जोडत.

आमच्या घरात भिंतीवर दोन फोटो होते आणि देव नव्हता. वडिलांनी घेतलेल्या बावीस प्रतिज्ञा त्यांना तोंडपाठ होत्या. पुष्कळांना असतात, ते त्या पाळत, इतकाच फरक. एकदा एका हळदीत कोणीतरी गणपतीच्या गाण्याची फर्माईश केली. वडिलांनी पेटीचा भाता बंद केला आणि म्हणाले, "ते या पेटीत नाही."

हेच वडील माझ्या पंधराव्या वर्षी मला नांदुऱ्याला शास्त्रीय गाणं शिकायला घेऊन गेले. कारण साधं होतं. तरुणपणी ते रेडिओवर गाण्यासाठी चाचणीला गेले होते. 'आवाज चांगला, शास्त्रीय बैठक नाही' असं ऐकून परत आले. ती बैठक त्यांना घरात हवी होती. स्वतःला मिळाली नाही तर पोराला. बैठकीबरोबर आणखी काय काय घरात येईल, याचा विचार त्यांनी केला नव्हता.

सर हायस्कूलचे निवृत्त शिक्षक होते. धान्याच्या एका दुकानावर त्यांची खोली होती, खालून हरभऱ्याचा वास आणि हमालांच्या हाका येत. आम्ही अकरा विद्यार्थी. क्लासची सुरुवात सरस्वतीच्या तसबिरीला हार घालून, उभं राहून, वंदनेनं होई. पहिल्या गुरुवारी मी मागे हात बांधून उभा राहिलो. ओठ हलवले नाहीत. सरांनी ते पाहिलं. दुसऱ्या गुरुवारी वंदना सुरू व्हायच्या आधी ते म्हणाले, "तू तोवर तंबोरा लावून ठेव."

तंबोरा आतल्या खोलीत होता. मी आत गेलो. बाहेर वंदना झाली. त्यानंतर आठ वर्षं दर गुरुवारी मी आत जाऊन तंबोरा लावला. सरांनी कारण सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. यात दोघांपैकी कोणाचाही मोठेपणा नव्हता. त्यांना वाद नको होता आणि मला क्लास हवा होता. फायदा एकच झाला. तंबोरा मी सरांपेक्षा चांगला लावू लागलो. मी संगीतात जे काही शिकलो त्यात एवढंच निर्विवाद आहे.

दोन महिने नुसते सरगम होते. घरी ते गायला अडचण नव्हती. मग यमन आला आणि यमनाबरोबर पहिली बंदिश आली. संध्याकाळी ओट्यावर वडील म्हणाले, "काय शिकला ते म्हन." मी म्हटली. दोन ओळींनंतर त्यांनी हात वर केला.

"हा कान्हा कोन?"

"बंदिशीत आहे."

"ते समजलं. आपल्या घरात कोन आनला?"

मी म्हटलं, बंदिशी अशाच असतात. त्यांनी वही मागितली. वहीत परीक्षेचा अभ्यासक्रम उतरवलेला होता. ते बोट ठेवून मोठ्यानं वाचू लागले. "भैरव. दुर्गा. केदार. शंकरा." थांबले. "गानं शिकून राह्यला का देवळाची हजेरी घेऊन राह्यला बे?"

काका ढोलकाच्या दोऱ्या ओढत होते. "अन् हा यमन कोन?"

"यमन राग आहे."

"देव नाही?"

"नाही."

"पक्कं ना? नाही तं यमाचा साळा निंगाचा."

कोरसचे चौघं हसले. वडील हसले नाहीत. खिशातला पेन काढून त्यांनी चार राग खोडले. काफी, खमाज, भूप, देस ठेवले. बागेश्रीवर त्यांचं बोट थोडं थांबलं आणि पुढे गेलं. बागेश्रीचं नाव वागीश्वरीवरून, म्हणजे सरस्वतीवरून आलं, असं सर सांगायचे. मी गप्प राहिलो. आठ वर्षांतलं ते माझं पहिलं गप्प राहणं. पुढे सवय झाली.

पण उरलेल्या रागांतही अडचण होतीच. राग स्वच्छ निघाला तरी बंदिशीत कोणीतरी बसलेलं असे. काफीत पिचकारी घेऊन उभा, भूपात सोंड घेऊन. तेवढ्यात सर क्लासमधल्या एका मोठ्या मुलीला परीक्षेसाठी तराणा शिकवू लागले. तंबोऱ्याजवळ बसून मी तो पाठ केला आणि घरी म्हटला.

"याचा अर्थ काय?" वडील म्हणाले.

"काहीच नाही."

"देव नाही?"

"शब्दच नाही."

वडिलांनी पेटीवर तीन सूर धरून पाहिले. लय त्यांना आवडली. "मंग बेस आहे," ते म्हणाले. "हेच शिक."

पुढच्या गुरुवारी मी सरांना सांगितलं, मला तराण्याची फार ओढ वाटते. सर खूश झाले. शिक्षकाला विद्यार्थ्याची ओढ सापडली की तो पुढची चौकशी करत नाही. काही महिन्यांत त्यांनी सिद्धान्त मांडला. काही गळे भावाचे असतात, काही लयीचे, हा लयीचा. येणाऱ्याजाणाऱ्याला ते तो ऐकवत आणि मला एक तराणा म्हणायला लावत. परीक्षांपुरत्या मी बंदिशी म्हटल्या, खालच्या आवाजात, दार लावलेल्या खोलीत, आणि त्या घरी कळू दिल्या नाहीत. एरवी तेवीस वर्षांचा होईपर्यंत मी एकोणीस तराणे शिकलो. घरी मी प्रतिज्ञा पाळणारा मुलगा होतो, क्लासमध्ये लयीचा गळा होतो. दोन्हीकडे मान होता. किंमत म्हणून फक्त अर्थ सोडावा लागला होता, आणि तो सोडल्याचं कोणाच्या लक्षात आलं नाही. माझ्याही नाही. लयीच्या गळ्याची गोष्ट मी इतकी ऐकली होती की ती मीच रचायला लावली, हे विसरलो.

विसाव्या वर्षी जयंतीच्या कार्यक्रमात मंडळानं ठरवलं की या वेळी मी शास्त्रीय गायचं. शास्त्रीय ऐकायची कोणाची इच्छा होती म्हणून नव्हे. प्रमुख पाहुणे जिल्ह्याच्या ठिकाणाहून येणार होते आणि आपल्या समाजातही शास्त्रीय गायक आहे, हे त्यांना दाखवायचं होतं. निवेदकानं माझी ओळख चार मिनिटं करून दिली. त्यात 'अखिल भारतीय' हा शब्द दोनदा आला. मी तोवर भुसावळच्या पुढे गेलो नव्हतो.

मी देसमधला तराणा सुरू केला. संध्याकाळचे सात वाजले होते, समोर गावातली माणसं सतरंजीवर, पोरं झेंड्याच्या कट्ट्यावर. तिसऱ्या मिनिटाला मागून आवाज आला.

"माइक चेक झाला असन तं गानं म्हना ना बे!"

सगळे हसले. पाहुणेही हसले, मग सावरले. मी पुढचं आवर्तन घेतलं. दुसरा म्हणाला, "अबे थांब, मशीन सुरू होऊन नाही राह्यली त्याची." पाचव्या मिनिटाला मी संपवलं. वडील उठून पेटीवर बसले, काकांनी ढोलकावर थाप मारली आणि पहिल्याच ओळीला सगळी सतरंजी टाळ्या वाजवू लागली. पाहुण्यांनी भाषणात माझं नाव घेऊन सांगितलं की हा मुलगा समाजाचं भूषण आहे. गाणं मात्र त्यांनी वडिलांचं पुन्हा म्हणायला लावलं.

त्यानंतर एका वर्षानं मी पुण्याला त्याच संस्थेच्या दहा दिवसांच्या शिबिराला गेलो. तिथे गाण्याइतकाच वेळ माझ्या बोलण्यावर गेला. 'गाऊन राह्यलो' म्हटलं की समोरचे आधी हसत, मग दुरुस्त करत, मग हसल्याबद्दल क्षमा मागत. दहाव्या दिवशी मी 'गातोय' म्हणू लागलो. घरी आल्यावर काका म्हणाले, "करतोय, जातोय, खातोय. वयनी, याले पाहुन्याचं ताट वाढा." आईनं खरंच वाढलं.

फेब्रुवारीतल्या त्या चाचणीनंतर आठव्या दिवशी संस्थेच्या समन्वयक बाईंचा फोन आला. अभिनंदन, त्या म्हणाल्या. माझी निवड झाली होती. ख्यालगायनाच्या जागेवर नव्हे. ती दुसऱ्या उमेदवाराला मिळाली होती. पण समितीला माझी पार्श्वभूमी फार भावली होती आणि या वर्षी लोकसंगीताचा नवा विभाग सुरू होत होता. दोन वर्षं, राहणं, जेवण, सगळं तेच. फक्त मार्चअखेर उद्घाटनाला मी माझ्या मातीतली दोन गाणी म्हणायची.

"जयंतीची चालतील का?" मी विचारलं.

"अहो, तीच तर हवीत! आणि फार घासूनपुसून नको हं. जरा रॉ ठेवा."

"बरं."

"आणि मंचावर दोन शब्द बोलाल ना? तुमच्याच भाषेत बोला. ते 'राह्यलो' वगैरे. फार गोड वाटतं."

मी म्हणालो, "प्रयत्न करतोय."

गुरुवारी सरांना सांगितलं. त्यांनी बातमी पूर्ण ऐकली आणि चष्मा पुसला.

"लोकसंगीत? मी तुला आठ वर्षं लोकसंगीत शिकवलं?"

"नाही सर."

"मी त्यांना पत्र लिहितो. तराणा ही या मुलाची प्रकृती आहे, असं लिहितो."

तेव्हा मी त्यांना खरं सांगितलं. प्रकृती वगैरे काही नाही. घरी देव चालत नव्हता आणि तराण्यात तो नव्हता, म्हणून तराणा. सरांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला.

"मला माहीत होतं," ते म्हणाले.

"कधीपासून?"

"तंबोऱ्यापासून."

"मग दुसऱ्या बंदिशी का नाही दिल्या? निसर्गाच्या, ऋतूच्या असतात ना."

"असतात. चार-सहा माझ्याकडेही आहेत." त्यांनी कपाटाकडे पाहिलं, पण उठले नाहीत. "तू मागितल्या नाहीस."

आठ वर्षं त्या कपाटात माझ्या घरात चालतील अशा बंदिशी होत्या. सरांनी दिल्या नाहीत, कारण देताना कारण बोलावं लागलं असतं. मी मागितल्या नाहीत, कारण मागताना तेच बोलावं लागलं असतं. दोन सुशिक्षित माणसांनी सभ्यतेच्या नावाखाली एवढं मोठं नुकसान शांतपणे करून घेतलं.

उरले होते पाच आठवडे. वडिलांना मी सांगितलं की पुण्याला आपली दोन गाणी म्हणायची आहेत. त्यांना आनंद झाला. लपवायचा प्रयत्न त्यांनी केला, पण पेटीच्या पट्ट्या फडक्यानं दोनदा पुसल्या. संध्याकाळी ओट्यावर पार्टी जमली. वडिलांनी काळी तीन ही त्यांची उंच पट्टी धरली. मी गेली आठ वर्षं काळी एकमध्ये, बसून, पोटातून, मोजून आवाज काढत आलो होतो. जयंतीचं गाणं उभ्यानं, छातीतून, समोरच्या शेवटच्या माणसाच्या अंगावर फेकायचं असतं. पहिली ओळ मी म्हटली. शेवटी नकळत सूर ओढत एक मींड गेली. ढोलक थांबलं.

"हे काय?" काका म्हणाले. "जयंती आहे बे, अंगाई नाही."

पुन्हा म्हटली. या वेळी जोर लावला तर वरचा सूर फाटला.

"आता तं निरा भांडून राह्यला."

"पट्टी उतरवा ना," मी वडिलांना म्हणालो.

"उतरवतो. पन मंग कोरसवाल्याईनं काय झोपून म्हनाव?"

चार संध्याकाळी तेच झालं. शब्द मला लहानपणापासून पाठ होते. एकेका ओळीला वडील कुठे थांबतात, कुठे हात वर करतात, तेही पाठ होतं. मी ते हुबेहूब करत होतो. पाचव्या संध्याकाळी बेंजोवाल्यानं मोबाइलवर ते टिपून मला दाखवलं. शाळेच्या स्नेहसंमेलनात कोणीतरी माझ्या वडिलांची नक्कल करत असावं, तसं ते दिसत होतं. पुण्याला ते कळणार नाही, हेही मला लगेच कळलं. तिथे हे रॉ म्हणून सहज खपलं असतं. जे गाव मला हसलं होतं त्या गावाचा प्रतिनिधी म्हणून मी दोन वर्षं जेवलो असतो.

वडिलांनी पेटी मिटली. इतरांना चहाला पाठवलं आणि विचारलं, "तुले तेथं काय म्हनून बोलावलं त्याईनं?"

"हीच गाणी म्हणायला."

"तुह्यं गानं ऐकलं ना त्याईनं? ते दिर दिर?"

"ऐकलं."

"ते नोको म्हने?"

"ते नको. मग अर्जात तुमचं नाव पाहिलं. तुमचा मुलगा म्हणून घेतलं."

वडिलांनी थोडा विचार केला. रागावले नव्हते. नळाच्या तक्रारीत कुठला वॉल्व्ह बंद राहिला असेल हे शोधताना त्यांचा चेहरा जसा होई, तसा झाला होता.

"मंग मले बोलवा ना," ते म्हणाले.

मी पेटी उचलून घरी नेली.

होकार कळवायची मुदत दहा मार्चची होती. होकारासोबत भरून द्यायचा संस्थेचा छापील अर्ज माझ्याकडे होता, कोरा. आठ मार्चला मी तो वडिलांच्या नावानं भरला. विभाग, लोकसंगीत. प्रकार, जयंतीची आणि लग्नाची गाणी. सादरीकरणाचा अनुभव, तीस वर्षं. सोबत एक पत्र जोडलं. तुम्हाला हवी ती गाणी मला येत नाहीत, माझ्या वडिलांना येतात; मला येतात ते तराणे तुम्ही ऐकले आहेत; जागा त्यांना द्यावी, एवढंच लिहिलं. चार वेळा खोडून ते पाच ओळींवर आणलं.

वडिलांनी अर्ज दोनदा वाचला. 'वय' या रकान्यात मी जागा सोडली होती. तिथे त्यांनी स्वतःच्या हातानं आकडा घातला आणि खाली सही केली. काका खांद्यावरून पाहत होते.

"पुन्याले ढोलकवाला लागन का?"

"लागेल," मी म्हणालो.

"मंग माह्यंही टाक. अन् जेवनाचं पक्कं विचारून घेजो. तेथं गोड वरन खातात म्हने."

"दोन वर्ष राहा लागन," वडील त्यांना म्हणाले. "ढोरं कोन पाहीन?"

"ढोरं वयनी पाहीन. तू जाऊन तं राह्य."

नऊ तारखेला नांदुऱ्याच्या पोस्टातून अर्ज रजिस्टर्डनं गेला. अकरा तारखेला समन्वयक बाईंचा फोन आला. मुदत काल संपली, तुमचा होकार आला नाही, त्या म्हणाल्या. पत्र पाठवल्याचं मी सांगितलं. त्यानंतर त्यांचा फोन आला नाही.

त्या महिन्यात वडिलांनी पेटी दुरुस्तीला मलकापूरला नेली. दोन सूर बरेच दिवस उतरलेले होते. गावात त्यांनी कोणाला काही सांगितलं नाही, पण काकांनी सगळ्यांना सांगितलं. टाकीवर येणारी माणसं पाण्याच्या आधी पुण्याचं विचारू लागली. "उत्तर यायचं आहे," वडील म्हणत. मी एक एप्रिलपासून नांदुऱ्याच्या कार्यालयात जाऊ लागलो. पहिल्या दिवशी मला तालुक्यातल्या कार्यक्रमांची पत्रकं दिली गेली. प्रत्येकात कोणी ना कोणी अखिल भारतीय होतं. मी ते शब्द काढत गेलो.

संस्थेचं उत्तर जयंतीच्या आधी तीन दिवस आलं. वडिलांच्या नावे होतं. त्यांनी ते टाकीवर उघडलं आणि संध्याकाळी मला वाचायला दिलं. मजकूर तीन ओळींचा होता. पहिल्या ओळीत लोकसंगीताबद्दलच्या आस्थेबद्दल आभार होते. दुसऱ्या ओळीत, मुदतीत होकार न आल्यानं माझी निवड रद्द झाल्याचं कळवलं होतं. तिसऱ्या ओळीत लिहिलं होतं की या विभागासाठी कमाल वयोमर्यादा पंचवीस वर्षे आहे. अर्जात वडिलांनी आपलं वय त्रेपन्न लिहिलं होतं.